ट्रॅक्टर शेड आणि गोठ्याचा दरवाजा स्वतः कसा बनवायचा, कसा टांगायचा? मापं, सामान, कटिंग आणि काळजी: संपूर्ण माहिती

शेड उभी राहते, पत्रे चढतात, पण दरवाजाचं काम मागे पडतं. मग ताडपत्री, जुना पत्रा, काटेरी फांदी असं काहीतरी लावून दिवस काढले जातात. तोवर ट्रॅक्टरची बॅटरी जाते, कुत्री आत शिरतात. ज्या भागात बिबट्याचा वावर आहे तिथे एका रात्रीत शेळ्यांचा फडशा पडतो. दरवाजा बनवणं हे फार अवघड काम नाही. थोडं वेल्डिंग येणारा माणूस आणि मदतीला दोघे असतील तर दोन-तीन दिवसांचं काम आहे. खांबांचं काँक्रीट पक्कं व्हायला मात्र आधी आठवडाभर द्यावा लागतो.

गावात फिरून बघा. वर्षभरात लोंबलेले, जमिनीला घासणारे, कडी न बसणारे दरवाजे दर दुसऱ्या वस्तीवर दिसतील. त्यातल्या बहुतेकांचा पत्रा चांगला असतो, पाईपही चांगला असतो. चूक असते ती खांबात, तिरप्या आधारात किंवा बिजागरीच्या जागेत. या तीन गोष्टी नीट झाल्या तर साधा पत्र्याचा दरवाजाही वर्षानुवर्षं टिकतो. म्हणून या लेखात जास्त भर त्यावरच दिला आहे.

आधी ठरवा: उघडणारा की सरकता?

उघडणारा दरवाजा म्हणजे बिजागरीवर फिरणारा. बनवायला सोपा, दुरुस्तीला सोपा, बंद केल्यावर फट कमी राहते. तोटा एकच, समोर मोकळी जागा लागते आणि वाऱ्यात सांभाळावा लागतो.

सरकता दरवाजा वरच्या रुळावर चाकांनी लोंबतो आणि बाजूला सरकतो. समोर जागा लागत नाही, वाऱ्यात आपटत नाही. पण बाजूला दरवाजाएवढीच मोकळी भिंत लागते आणि रूळ दरवाजाच्या दुप्पट लांबीचा लागतो. चाकं चांगल्या बेअरिंगची घ्यावी लागतात.

पहिल्यांदाच करत असाल तर दोन पल्ल्यांचा उघडणारा दरवाजा करा. पल्ला म्हणजे दरवाजाची एक बाजू. खालची सगळी मापं १० फूट रुंद आणि ९ फूट उंच दरवाजाची आहेत. मध्यम ट्रॅक्टर रोटाव्हेटरसह आत घ्यायला एवढी जागा साधारण पुरते. तरी आपला ट्रॅक्टर, हूड, सायलेन्सरची उंची आणि सगळ्यात रुंद अवजार मोजूनच माप ठरवा. दोन्ही बाजूंना हातभर तरी जागा सुटली पाहिजे. ट्रॉली आत घ्यायची असेल तर चाऱ्याच्या भाऱ्यासकट उंची धरा.

दरवाजा शक्यतो बाहेरच्या बाजूला उघडा. आत उघडला तर शेडमधली जागा अडते. बाहेर उघडताना जमीन चढाची आहे का ते बघा. खांबाच्या जागेवर खुंटी मारा, पाच फुटांची दोरी बांधा आणि गोल फिरवा. त्या पट्ट्यात कुठे उंचवटा, दगड, पाण्याचा पाईप आला तर आधी काढा. नाहीतर दरवाजा अर्धाच उघडेल.

खांब: सगळा दरवाजा यावर उभा आहे

दरवाजा लोंबला असं आपण म्हणतो, पण बऱ्याचदा पल्ला सरळच असतो आणि खांब आत झुकलेला असतो. विटांच्या नऊ इंची भिंतीत नुसता होल्डफास्ट ठोकून एवढा मोठा पल्ला टांगू नका. काही महिन्यांत विटा हलतात. शेडच्या पातळ अँगलवरही टांगू नका. स्वतंत्र खांब द्या.

- खांब: ७५ × ७५ मिमी चौकोनी पाईप, जाडी ४ मिमी. लांबी जमिनीवर ९ फुटांपेक्षा थोडी जास्त आणि जमिनीत ३ फूट.
- खड्डा: दीड फूट × दीड फूट, ३ फूट खोल.
- काँक्रीट: १ भाग सिमेंट, २ भाग वाळू, ४ भाग खडी. दोन खड्ड्यांना साधारण अडीच पोती सिमेंट लागतं.

काळ्या कापसाच्या जमिनीत जास्त काळजी घ्या. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. त्या ओढाताणीत उथळ खांब दरवर्षी थोडा थोडा हलतो. मुरूम लागेपर्यंत खोदा. मुरूम फार खोल असेल तर खड्डा तळाला जास्त रुंद करा आणि खांबाच्या खालच्या टोकाला आडवी लोखंडी पट्टी वेल्ड करा, म्हणजे तो वर उचलला जाणार नाही.

खांब उभा करताना ओळंबा दोन बाजूंनी लावा, समोरून आणि बाजूने. दोन खांबांमधलं अंतर खाली, मध्ये आणि वर तिन्ही ठिकाणी बरोबर १० फूट भरलं पाहिजे. लाकडी टेकू देऊन खांब पक्के करा आणि मगच काँक्रीट ओता. काँक्रीट जमिनीच्या दोन-तीन इंच वर घ्या आणि बाहेरच्या बाजूला उतार द्या. खांब सगळ्यात आधी सडतो तो जमिनीलगत, जिथे पाणी आणि शेण साचतं तिथे.

दोन्ही खांबांना वरून जोडणारा आडवा पाईप विसरू नका. दोन्ही पल्ल्यांचं वजन खांबांना आतल्या बाजूला ओढत असतं. वरचा आडवा पाईप ती ओढ अडवतो. आडवा पाईप नसेल तर खांब कितीही जाड घेतला तरी काही काळाने वरची टोकं जवळ येतात आणि मधली कडी जुळेनाशी होते.

काँक्रीटवर सात दिवस पाणी मारा. तोवर दरवाजा टांगायची घाई नको. या दिवसांत पल्ले बनवून घ्या.

सामान घेताना वजन करून घ्या

पल्ल्यासाठी ४० × ४० मिमी चौकोनी पाईप, जाडी २ मिमी घ्या. पाईप साधारण २० फुटी, म्हणजे ६ मीटरचा मिळतो. दोन पल्ल्यांना असे ५ पाईप पुरतात.

दुकानात जाडी डोळ्यांनी कळत नाही. काट्यावर ठेवा. खऱ्या २ मिमी जाडीचा एक पाईप साधारण १४ किलोच्या वर भरतो. तोच पाईप साडेअकरा-बारा किलो भरला तर जाडी १.६ मिमीच्या आसपास आहे. असा पाईप स्वस्त पडतो, पण वेल्डिंग करताना लवकर जळून भोक पडतं आणि गंजही लवकर आरपार जातो. फॅब्रिकेशनवाल्याकडून पूर्ण दरवाजा बनवून घेणार असाल तर किलोवर दर ठरवा, पाईपची जाडी कागदावर लिहून घ्या आणि तयार दरवाजा काट्यावर मोजा.

बाकी सामान:

- पत्रा ०.५ मिमी जाडीचा, नळीचा किंवा प्रोफाईलचा. एका पल्ल्याला सुमारे ४३ चौरस फूट जागा झाकायची आहे. एकावर एक चढणारा भाग वेगळा धरा.
- पिन-बुशच्या जाड बिजागऱ्या ६, प्रत्येक पल्ल्याला ३.
- उभ्या खिट्ट्या ३, कडी-कोयंडा १, दरवाजा उघडा धरून ठेवायचे आकडे २.
- रबरी वायसरचे सेल्फ स्क्रू, रेडऑक्साईड, ऑइलपेंट, वेल्डिंगच्या कांड्या, कटिंग आणि ग्राइंडिंगची चाकं.

असा एक पल्ला पत्र्यासकट साधारण ५५ किलो भरतो.

पाईप कसे कापायचे

एका पल्ल्याचं बाहेरचं माप रुंदी ४ फूट ११ इंच आणि उंची ८ फूट ९ इंच ठेवा. म्हणजे बिजागरीच्या बाजूला अर्धा-अर्धा इंच, मध्ये एक इंच, खाली दोन इंच आणि वर एक इंच जागा सुटते. दोन पल्ल्यांना मिळून तुकडे असे:

- उभे, ८ फूट ९ इंच: ४ नग
- आडवे, सुमारे ४ फूट ८ इंच: ६ नग (वर, मध्ये, खाली)
- तिरपे, सुमारे ६ फूट ३ इंच: ४ नग

पाच पाईपांत ते असे बसतात:

- पाईप १ आणि २: प्रत्येकात दोन उभे
- पाईप ३: तीन तिरपे
- पाईप ४: एक तिरपा, दोन आडवे
- पाईप ५: चार आडवे

आडवे तुकडे दोन उभ्यांच्या मध्ये बसतात. म्हणून पल्ल्याच्या रुंदीतून दोन पाईपांची जाडी वजा करून त्यांचं नेमकं माप काढा. तिरपे तुकडे आधी कापू नका. चौकट जुळल्यावर जागेवर माप घ्या आणि मग कापा.

सांगाडा जोडणे: कर्ण मोजल्याशिवाय पक्कं वेल्डिंग नाही

सपाट जागेवर काम करा. ओबडधोबड अंगणात जोडलेली चौकट पीळ घेऊन बसते आणि नंतर सरळ होत नाही. चार ठोकळे दोरीने एका पातळीत लावून घ्या आणि त्यावर पाईप मांडा.

१. चौकटीच्या चारही कोपऱ्यांना आधी फक्त टाका मारा. पूर्ण वेल्डिंग नको.

२. कोपऱ्यातून कोपऱ्यात दोन्ही कर्ण मोजा. वरच्या मापाच्या पल्ल्याचा कर्ण साधारण १० फूट अर्धा इंच येतो. दोन्ही कर्ण सारखे आले तर चौकट काटकोनात आहे. फरक असेल तर लांब कर्णाच्या कोपऱ्यावर हातोडीने हलकं ठोकून सारखे करा. छोट्या गुण्याने एवढी मोठी चौकट तपासता येत नाही, कर्णच मोजावे लागतात.

३. मधला आडवा पाईप बसवा. त्यामुळे वर एक आणि खाली एक असे दोन खण होतात.

४. दोन्ही खणांत तिरपा पाईप बसवा.

५. पुन्हा कर्ण मोजा. मग पूर्ण वेल्डिंग करा. एकाच कोपऱ्यात सलग वेल्डिंग केलं तर उष्णतेने चौकट ओढली जाते. एक कोपरा झाला की समोरचा घ्या.

६. उभ्या पाईपची वरची तोंडं पत्र्याचा तुकडा वेल्ड करून बंद करा. उघडी राहिली तर पावसाचं पाणी आत जातं आणि पाईप आतून सडतो. बाहेरून रंग छान दिसतो आणि एक दिवस खालचा कोपरा हातात येतो.

तिरपा आधार कोणत्या दिशेने द्यायचा?

नुसती चौकोनी चौकट वजनाने कलते आणि पतंगासारखी होते. त्रिकोण कलत नाही. म्हणून तिरपा आधार हवाच.

वेल्डिंग केलेल्या पाईपच्या पल्ल्यात तिरपा पाईप ढकल आणि ओढ दोन्ही सोसतो. त्यामुळे दिशा कोणतीही चालते. तरी खालचं टोक बिजागरीच्या बाजूला आणि वरचं टोक मोकळ्या बाजूला ठेवायची सवय चांगली.

लाकडी दरवाजात मात्र दिशा चुकवायची नाही. लाकडी तिरपी पट्टी खाली बिजागरीच्या बाजूला टेकली पाहिजे आणि वर मोकळ्या कोपऱ्याकडे गेली पाहिजे. मग मोकळ्या बाजूचं वजन पट्टीतून उतरून खालच्या बिजागरीवर येतं. उलटी लावली तर सगळी ओढ खिळ्यांवर येते. खिळे हळूहळू सैल होतात आणि दरवाजा लोंबतो.

तारेने किंवा लोखंडी पातळ पट्टीने ओढ द्यायची असेल तर नियम उलटा. तार ढकलू शकत नाही, फक्त ओढू शकते. म्हणून ती वरच्या बिजागरीच्या कोपऱ्यातून खालच्या मोकळ्या कोपऱ्याकडे बांधायची. जुना लोंबलेला दरवाजा उचलून धरायला हाच स्वस्त उपाय आहे. मध्ये ताण देणारा स्क्रू लावला की पुन्हा पुन्हा आवळताही येतो.

रंग आधी, पत्रा नंतर

वेल्डिंगची कीट ग्राइंडरने काढा, तेलकटपणा पुसा, रेडऑक्साईडचा हात सगळीकडून द्या. पत्रा जिथे टेकणार ती बाजू आत्ताच रंगवा, नंतर तिथे ब्रश पोचत नाही.

पत्रा बाहेरच्या बाजूने लावा. नळ्या उभ्या ठेवा, म्हणजे पाणी खाली निथळतं. स्क्रू फुटा-फुटावर मारा. कापलेल्या पत्र्याची धार चाकूसारखी असते, तिच्यावर दुमडलेली पट्टी चढवा. जनावरांच्या आणि लहान मुलांच्या उंचीला तर ही पट्टी हवीच. ट्रॅक्टर शेडला चोरीची भीती असेल तर खालच्या बाजूचे काही स्क्रू काढून तिथे रिपिट मारा. बाहेरून पान्याने पत्रा उघडता येणार नाही.

टांगणे: बिजागऱ्या लांब लांब, एका रेषेत

वरची बिजागरी वरच्या टोकापासून सात-आठ इंचांवर आणि खालची खालच्या टोकापासून सात-आठ इंचांवर बसवा. तिसरी मध्ये. यामागचं गणित सोपं आहे. ५५ किलोच्या पाच फुटी पल्ल्यात वरच्या आणि खालच्या बिजागरीत साडेसात फूट अंतर असेल तर वरच्या बिजागरीवर आडवी ओढ साधारण १८ किलोची येते. तेच अंतर फक्त तीन फूट ठेवलं तर ओढ ४६ किलोच्या आसपास जाते. पल्ल्याच्या टोकाला ३० किलोचं पोर लोंबकळलं तर साडेसात फुटांच्या अंतरातही ओढ दुप्पट होते. मुलांना दरवाजावर झोके घेऊ देऊ नका, हे उगीच सांगत नाही.

टांगायचा क्रम असा:

१. खाली दोन इंची लाकडी ठोकळे ठेवा. तिघांनी मिळून पल्ला त्यावर उभा करा. एकाने फक्त धरून उभं राहायचं, दुसरं काम करायचं नाही. वाऱ्याच्या दिवशी हे काम करू नका.

२. पाचरी मारून खांब आणि पल्ला यांत सगळीकडे अर्धा इंच फट ठेवा. मोकळ्या बाजूला पाव इंच जास्त उचला. वजन आल्यावर तेवढं खाली बसतंच.

३. तिन्ही बिजागऱ्यांच्या पिना एका सरळ उभ्या रेषेत हव्यात. दोरी किंवा सरळ सळई लावून बघा. एक बिजागरी जरी बाहेर गेली तरी दरवाजा जड फिरतो आणि तिचं वेल्डिंग तुटतं.

४. आधी टाके मारा. पल्ला पूर्ण उघडून, बंद करून बघा. सोडल्यावर तो आपोआप फिरत असेल तर खांब किंवा रेषा ओळंब्यात नाही. सुधारा आणि मगच पक्कं वेल्डिंग करा.

५. पिनेवर पल्ला नुसता ठेवलेला असेल तर कुणीही तो उचलून काढू शकतो. सगळं जुळल्यावर वरच्या बिजागरीच्या पिनेवर टोपी वेल्ड करा. मग कुलूप न तोडता दरवाजा निघणार नाही.

दुसरा पल्ला पहिल्याशी जुळवून टांगा. मधल्या एक इंच फटीवर एका पल्ल्याला उभी पट्टी वेल्ड करा.

वारा: उघडा दरवाजा कधीही मोकळा सोडू नका

ताशी ८० किलोमीटरचा वारा सरळ पल्ल्यावर आला तर एका पल्ल्यावर सुमारे १२० किलोचा दाब येतो. वाऱ्याचा वेग अर्धा झाला तर दाब चौथाईवर येतो. वळवाच्या पावसाआधीचा सोसाटा अचानक सुटतो. तेव्हा मोकळा सोडलेला पल्ला आपटला तर बिजागरी तुटते, मध्ये हात सापडला तर बोटं जातात.

म्हणून दोन गोष्टी पक्क्या करा. दरवाजा उघडा असताना प्रत्येक पल्ला अडकवायला जमिनीत स्वतंत्र खुंटा आणि आकडा द्या. आणि बंद असताना एका पल्ल्याला वर एक, खाली एक खिट्टी द्या. दुसऱ्याला खाली एक आणि मध्ये कडी-कोयंडा. खालच्या खिट्टीसाठी जमिनीत पाईपचा तुकडा काँक्रीटमध्ये पुरा. तो तळाला उघडा ठेवा आणि खाली खडी भरा, नाहीतर माती-शेणाने भरून खिट्टी बसत नाही.

जुन्या वाड्यांत आणि किल्ल्यांत दरवाजामागे आडवं लाकूड असायचं, अडसर. भिंतीतल्या खोबणीत ते सरकवलं की बाहेरचा जोर कडीवर येत नसे, दोन्ही भिंतींवर जाई. आजही आतून बंद होणाऱ्या गोठ्याला दोन खांबांवर कोनाडे वेल्ड करून आडवा पाईप टाकला तर त्याच्यासारखी पक्की कडी नाही. मोठ्या दरवाजातल्या लहान दाराला दिंडी म्हणतात. एका माणसाला आत-बाहेर करायला ती सोयीची आहे. पण दिंडीसाठी पल्ल्याचा मधला किंवा तिरपा पाईप कापू नका. ट्रॅक्टर शेडला दिंडी हवी असेल तर बाजूच्या भिंतीत वेगळं लहान दार ठेवणं बरं.

गोठ्याच्या दरवाजाला वेगळी काळजी

गोठ्याचं दार ट्रॅक्टर शेडसारखं पूर्ण पत्र्याचं केलं तर आत मूत्राचा वास आणि दमट हवा कोंडते. जनावरांना श्वासाचा त्रास होतो. खालच्या अर्ध्या भागाला पत्रा आणि वरच्या अर्ध्या भागाला जाड वेल्डेड जाळी हा चांगला मेळ आहे. पत्र्याच्या आतल्या बाजूला फळ्या किंवा पाईप लावा. म्हैस नुसती अंग घासायला टेकली तरी पत्रा पोचतो.

जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर, निफाड, सिन्नर अशा ऊसपट्ट्यात बिबट्या वस्तीजवळ राहतो. तिथे दार चांगलं असून भागत नाही. बिबट्या सात-आठ फुटी भिंत चढून जातो. दार बंद आणि भिंतीवर तीन फूट मोकळं असेल तर दाराचा उपयोग नाही. त्यामुळे:

- भिंत आणि छत यांमधली जागा सगळीकडून जाळीने बंद करा.
- जाळीची भोकं दोन इंचांपेक्षा लहान ठेवा, पंजा आत जाता कामा नये.
- दाराखालची फट दोन इंचांपेक्षा जास्त नको. खाली माती असेल तर काँक्रीटचा किंवा शहाबादी फरशीचा उंबरा करा, कुत्री आणि जंगली जनावरं माती उकरतात.
- कडी ढकलून, हलवून निघणारी नको. खिट्टीला पिन घाला.
- दिवस मावळायच्या आत शेळ्या, करडं, वासरं आत घ्या.

हल्ला झालाच तर मेलेलं जनावर जागेवरून हलवू नका. लगेच वनविभागाला कळवा. हेल्पलाईन क्रमांक १९२६ आहे. भरपाईसाठी पंचनामा लागतो.

आणखी एक गोष्ट, आगीची. गोठ्यात कडबा असतो. आग लागली तर अंधारात चावी शोधत बसायला वेळ नसतो. गोठ्याला कुलूप लावत असाल तर दुसरी चावी घरात ठरलेल्या खिळ्यावर ठेवा आणि ती कुठे आहे हे घरातल्या सगळ्यांना, म्हाताऱ्या माणसांनाही, माहीत असू द्या. जनावरांचे दावे पटकन सुटतील असे बांधा.

लहान शेळीगोठ्याला लाकडी दार

साडेतीन फूट रुंद आणि सहा फूट उंच दाराला वेल्डिंगची गरज नाही. एक इंच जाड फळ्या उभ्या मांडा, मागून तीन आडव्या पट्ट्या आणि दोन तिरप्या पट्ट्या मारा. तिरप्यांची दिशा वर सांगितल्याप्रमाणे. खिळ्यांऐवजी आरपार बोल्ट आणि वायसर वापरा. फळ्यांमध्ये थोडी फट ठेवा, पावसाळ्यात लाकूड फुगतं. खालच्या टोकांना डांबर किंवा जुनं इंजिन ऑइल लावा, पण शेळ्या चाटतील अशा जागी ऑइल लावू नका.

सरकता दरवाजा करणार असाल तर

सगळं वजन वरच्या रुळावर येतं. रूळ पत्र्याच्या पट्टीवर नाही, पक्क्या बीमवर बसवा. रुळाच्या दोन्ही टोकांना चाक थांबवणारे ठोकळे वेल्ड करा, बोल्टने लावलेले सैल होतात. चाक रुळावरून उडणार नाही अशी वरून आडकाठी द्या. खाली फक्त दिशा देणारा मार्गदर्शक असू द्या. जमिनीवरचा रूळ गोठ्याच्या दाराला टिकत नाही, शेण, माती, कडबा त्यात भरतो.

ठोकळा नसलेल्या रुळावरून पन्नास-शंभर किलोचा दरवाजा सरळ माणसावर पडतो. दरवाजा पहिल्यांदा सरकवण्याआधी दोन्ही टोकांचे ठोकळे स्वतः हाताने हलवून बघा.

वेल्डिंग आणि विजेची काळजी

- काळी काच असल्याशिवाय आर्ककडे बघू नका. जवळ उभ्या मुलांना लांब पाठवा.
- जस्ताच्या पाईपवर वेल्डिंग करताना निघणारा पांढरा धूर अंगावर घेऊ नका. मोकळ्या हवेत काम करा. वेल्डिंगच्या जागेवरचं जस्त आधी घासून काढा.
- कडबा, भुसा, डिझेलचा कॅन जवळ नको. काम संपल्यावर अर्धा तास तिथेच थांबा, ठिणगी नंतरही पेटते.
- शेडमधल्या दिव्याची वायर दरवाजाच्या चौकटीवरून, पत्र्याच्या धारेवरून नेऊ नका. उघडझाप होताना वायर सोलली की पूर्ण लोखंडी शेडमध्ये करंट उतरतो. वायर पीव्हीसी पाईपमधून घ्या. शेडला अर्थिंग करा आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा.

दरवाजा बिघडला तर कारण कुठे शोधायचं?

*जमिनीला घासतोय:* आधी खांबाला ओळंबा लावा. खांब सरळ असेल तर पल्ल्याचे कर्ण मोजा. कर्ण सारखे असतील तर बिजागरीची पिन झिजली आहे. खालचा पाईप कापून फट वाढवू नका, मूळ कारण तसंच राहतं.

*दोन पल्ले मध्ये एकमेकांवर चढतात:* खांब वरून आत झुकले आहेत. आडवा पाईप आहे का बघा.

*पावसाळ्यात लागत नाही, उन्हाळ्यात लागतो:* काळ्या मातीत खांब हलतोय. खड्डा मुरमापर्यंत गेलेला नाही.

*करकरतो, जड फिरतो:* पिना साफ करून ग्रीस भरा. तरीही जड असेल तर बिजागऱ्या एका रेषेत नाहीत.

वर्षातून दोनदा एवढं करा

पावसाळ्याआधी, मे महिन्यात: बिजागऱ्यांना ग्रीस, सैल स्क्रू आवळणे, उघड्या धरणाऱ्या आकड्यांची तपासणी. पावसाळ्यानंतर, दिवाळीच्या आसपास: खांबाच्या बुडाशी साचलेली माती-शेण काढणे, गंज घासून रंगाचा हात देणे, वेल्डिंगला कुठे चीर आहे का बघणे. दोन्ही वेळचं काम मिळून एक दिवसही लागत नाही.

दरवाजा टांगून झाला की पहिल्या आठवड्यात रोज एकदा ओळंबा लावून बघा. खांब जागचा हलला नसेल आणि मधली कडी पहिल्या दिवसासारखीच सहज बसत असेल तर काम पक्कं झालं.